बारी माझी होती म्हणून

अंकुश,

गाडी तुझ्या दारात लावून आलो. किल्ली वहिनींच्या हातात दिली. आता दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय आणि तुला जे सुनवायचं ते सुनवून घेतो. तेरा दिवस माझ्या तोंडाला कुलूप होतं. येणारा प्रत्येक माणूस सांगून जायचा, अंकुशराव म्हणजे देवमाणूस, जाताना सुद्धा कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलवायचो. दहाव्याला डोकं भादरून ओढ्याकाठी बसलो होतो तेव्हा तुझे सासरेही तेच म्हणाले. मला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, त्रास कसा दिला नाही? मला दिलाय. जन्मभर पुरेल एवढा दिलाय.

राग आलाय मला तुझा. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू दे.

ही बारीची भानगड तुझ्याच डोक्यातून निघालेली. आठवतं ना? की तेही माझ्यावरच ढकलणार आहेस? माझं वाटूरच्या रस्त्यावर पाइप-मोटारीचं दुकान, तुझी आत गावात मोसंबी. आपण सख्खे चुलतभाऊ, तू माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा आणि तेवढ्यावर जन्मभर मोठेपणा गाजवलेला. त्या काळ्या, लांबलचक जर्मन गाडीचे फोटो दोघंही आपापल्या मोबाइलवर चोरून बघत होतो. एकट्याला ती झेपणारी नव्हती. आणि एकट्यानं घेतली असती तर दुसऱ्याला झोप आली नसती. म्हणून भागीत घ्यायची ठरली.

पुण्याला घ्यायला गेलो तेव्हा तू पांढरंशुभ्र धोतर घालून आला होतास. मी म्हटलं, पँट घाल की लेका. तू म्हणालास, "बैल घ्यायला जाताना माझा बाप धोतरच घालायचा." सात वर्षं वापरलेली गाडी, पण आरशासारखी चमकत होती. तू तिच्याभोवती दोन चकरा मारल्यास, चाकांना हात लावलास, बॉनेटवर थाप मारलीस, आणि त्या टाय लावलेल्या विक्रेत्याला विचारलंस, "खोड काय हाय हिची?"

तो म्हणाला, "सर?"

"खोड. मधीच बसती का, लाथ मारती का?"

"गाडी एकदम टकाटक आहे, सर. एकच मालक, डॉक्टर होते."

मग तू माझ्या कानाशी आलास. "बैल विकणारा खोड सांगून विकतो, भास्कर. हा सांगून न्हाई राह्यला. म्हंजी खोड मोठी हाय." एवढं कळूनही गाडी घेतलीच. परतीच्या वाटेवर तुला गाडीचं स्टिअरिंग सोडवत नव्हतं. मागची सीट पुढं कशी सरकते, छत कसं उघडतं, हे बघायला आपण एका ढाब्यावर उगीचच तास घालवला. तिथंच तू नियम केलेस. आपल्या आजोबांच्या विहिरीवर आपल्या बापांची बारी असायची, आठ दिवस तुमची मोटार, आठ दिवस आमची. तसंच करायचं. सोमवारी सकाळी गाडी दुसऱ्याच्या दारात. धुवून द्यायची. ज्याच्या बारीत बिघडली त्यानं नीट करायची. आणि शेवटचा नियम तू बोट उगारून सांगितलास. "गाडी देताना खोड सांगायची. लपवायची न्हाई."

तूच सांगितलास ना हा नियम? तूच ना?

गाव हसलं. विहिरीसारखी गाडी वाटून घेतली म्हणून पारावर महिनाभर चेष्टा चालली. पण चाललं बघ छान. तुझ्या घरच्या वाटेवर गाडीचं पोट घासायचं म्हणून तू दोन ट्रॉली मुरूम टाकलास. तुझी बारी संपवून गाडी आली की डिकीला मोसंबीचा वास यायचा. एवढ्या महागड्या गाडीत क्रेट भरतोस, लाज वाटत नाही का, असं मी म्हणायचो आणि तू म्हणायचास, "मोसंबीला बी एसी लागतो." सुटा भाग मुंबईहून मागवायचा झाला की आपण दोघं जालन्याला मस्तगडात रफिक मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. तो मोबाइलवर बघून बघून ती गाडी शिकला. आपण त्याच्याकडं चहा पिऊन पिऊन.

आणि बारी मोडायचा पहिला मान तुझाच. माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. बारी तुझी होती. मी मोटारसायकलवर तिला न्यायची तयारी केली होती. तू सकाळी सात वाजता दारात गाडी लावलीस, न बोलावता, आणि आईला म्हणालास, "काकू, मागं बसा, पाय लांब करा." मी म्हटलं, आज तुझी बारी आहे. तू म्हणालास, "बारी गेली खड्ड्यात." आईला अजून आठवतं. ती परवा रडताना तेच सांगत होती आणि मला तिथून उठून जावं लागलं. कारण बारी खड्ड्यात घालायची अक्कल तुला होती, अंकुश. मग त्या रविवारी ती कुठं गेली होती?

धावड्याची गोष्ट आता काढतो. काढायलाच हवी.

माझ्या पोरीच्या सोयरिकीची बैठक होती. बारी माझी, पहिलाच दिवस. सकाळी तू गाडी आणून लावलीस, किल्ली माझ्या तळहातावर आपटलीस आणि म्हणालास, "जा, पाव्हण्यांना दाखव आपला रुबाब." मी विचारलं, खोड? तू म्हणालास, "काय न्हाई." धावडं चार किलोमीटर राहिलं आणि बॉनेटमधून वाफ आली. काटा लाल. गाडी जी बसली ती बसलीच. शेवटी एका ट्रॅक्टरला दोर बांधून तुझ्या-माझ्या जर्मन गाडीची वरात त्या गावात शिरली. होणारे व्याही ओट्यावर उभे. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "गाडी भारी हाय, पर ट्रॅक्टर जास्त भारी दिसून राह्यला." सगळे हसले. माझी पोरगी गाडीच्या खिडकीतून बघत होती. सोयरीक जमली, ती माणसं चांगली म्हणून जमली. पण त्या दिवशी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून मस्तगडात नेली. रफिक मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "कबसे पानी डाल डाल के चला रहे, भाई? अंकुशभाई कू महिना हुआ बोलके. पाइप से टपकता, बदल डालो बोला."

महिना झाला होता. डिकी उघडली तर मोसंबीच्या क्रेटमागं पाच लिटरचा पाण्याचा कॅन. तुझ्या बारीत तू रोज पाणी ओतून समोरचा लाल दिवा विझवत होतास, गाडी हाकत होतास आणि माझ्याकडं देताना काठोकाठ भरून देत होतास. आणि मला म्हणालास, काय न्हाई.

मी गॅरेजमधूनच फोन लावला. तू आधी हसलास. तेच तुझं हसणं, सगळ्या गोष्टींवर पाणी ओतायचं. "अरे पाणी टाकायचं अन् जायचं, एवढं काय त्यात?" मी काय बोललो ते तुला, मला आणि रफिक मिस्त्रीला ठाऊक. मी म्हणालो, "आजपासून बारी म्हंजी बारी. माझ्या बारीत गाडीला हात लावायचा न्हाई. अन् मला तोंड दाखवायचं न्हाई."

तू म्हणालास, "बरं."

तेवढंच. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, अंकुश. शाळेत म्हणालो पळू नको, पळालास. बोअर घेऊ नको म्हणालो, घेतलास. तंबाखू सोड म्हणालो, माझ्यासमोर डबी उघडलीस. सगळं आयुष्य सोडून हे एक ऐकलंस. जे रागात बोललो होतो, जे दुसऱ्या दिवशी मलाच आठवून लाज वाटली होती, तेवढं बरोबर धरून बसलास.

पुढच्या सोमवारी मी गाडी तुझ्या दारात लावली, किल्ली वहिनींकडं दिली आणि न बोलता परतलो. त्याच्या पुढच्या सोमवारी तू माझ्या दारात लावलीस, किल्ली माझ्या बायकोकडं. सोबत चिठ्ठी होती. तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात: "खोड: पाणी बराबर आहे. रोज बघितलं. डाव्या मागच्या चाकात हवा कमी राहते. दुसरं काही नाही." मी ती वाचून गल्ल्याच्या खणात फेकली. माझ्या मनात आलं, आता शहाणपण सुचलं. ती चिठ्ठी अजून तिथंच आहे. आज पुन्हा वाचली. चाकातली हवा लिहिलीस. छातीत चार दिवसांपासून दुखतंय हे लिहायला कागद कमी पडला का? तुझ्या बारीतच सुरू झालं होतं म्हणे. वहिनींना म्हणायचास, जेवणानं झालंय. गोळी खायचास आणि पुन्हा बागेत. पाणी टाकायचं अन् जायचं.

आणि आता तो रविवार. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या बारीचा शेवटचा दिवस. सकाळचे नऊ-साडेनऊ. दुसऱ्या दिवशी गाडी तुझ्याकडं जायची, म्हणून मी दारात धूत होतो. फोडणीसारखा राग डोक्यात तडतडत होता. असं धुवायचं, असं धुवायचं, की ह्या माणसाला बोट ठेवायला जागा राहू नये. मी काच घासत होतो आणि गावातून काळी-पिवळी जीप आली. आमच्या दारासमोर थांबली, कारण शेजारची म्हातारी जालन्याला निघाली होती. तिचं गाठोडं, तिचं चढणं, ड्रायव्हरचं बडबडणं. दोन मिनिटं तरी गेली असतील. मी मान वर केली. मधल्या सीटवर, खिडकीशी, तू.

तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. तुझा चेहरा जरा ओढल्यासारखा दिसला, हेही बघितलं. आणि मी तोंड फिरवलं. पाठ करून उभा राहिलो आणि काच घासत राहिलो. जीप गेली.

आठ पावलं होती रे. आठ! हात करायचा होतास. "ए भास्कऱ्या, मरून राह्यलोय, काढ गाडी" असं ओरडायचं होतंस. पाऊण तासात जालन्याच्या दवाखान्यात घातलं असतं तुला. मागची सीट मागं करून, पाय लांब करून. पण तू त्या कोंबलेल्या जीपमध्ये बसून राहिलास, ती फाट्याफाट्याला थांबत राहिली, माणसं चढत-उतरत राहिली, आणि जालना दहा-बारा किलोमीटर राहिलं तेव्हा तू त्या गाठोडेवाल्या म्हातारीच्या खांद्यावर मान टाकलीस. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. कशात आणायचं होतं, ते त्यांना काय माहीत.

हा आजार तुमच्या घरातलाच आहे. लहानपणी एकदा तुझ्या बापाची मिरचीची रोपं सुकून चालली होती, आणि विहिरीवर बारी आमची. काका दिवसभर बांधावर बसून रोपं माना टाकताना बघत होते, पण मोटारीला हात लावला नाही. संध्याकाळी माझ्या बापाला कळलं तेव्हा तो काकांवर असा ओरडला होता की विहिरीतून आवाज परत आला. "सांगायचं न्हाई का? तोंड न्हाई का तुला?" आपण दोघं आंब्यामागं लपून हसत होतो. आता तो ओरडा मला कळतो. काकांची निदान नुसती मिरचीच गेली.

तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार रोज येतो. मी ओरडलो असतो. मला खात्री आहे. माझ्यात तेवढा निर्लज्जपणा आहे आणि त्याचा मला आज पहिल्यांदा अभिमान वाटतो. पण मग दुसरा विचार येतो, तो जास्त वाईट. तू हात केला असतास तर मी लगेच फडकं टाकलं असतं का? की आधी एखादं वाकडं वाक्य बोललो असतो? एक मिनिट तरी तुला ताटकळत ठेवलं असतं का? हे मला आता कधीच कळणार नाही. ते कळू न देता गेलास, ह्याचाही राग आहे.

तेराव्याच्या पंगतीतच दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गाडी विकायची का. मी हो म्हणणार होतो. तुझी एक बारी ती माझ्या दारातच उभी होती, मग माझी बारी आली तेव्हाही तिथंच. पंधरा दिवस मी तिच्याकडं पाठ करून दुकान उघडलं. विकून टाकावी, नजरेसमोरून जावी, एवढंच मनात होतं. काल संध्याकाळी वहिनींचा निरोप आला. "उद्या सोमवार हाय. आमची बारी हाय. गाडी लावा."

आज सकाळी धुतली. तुझा कॅन डिकीतच होता, तो तसाच ठेवला. मुरमाच्या वाटेनं हळू नेली, पोट घासलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. मी किल्ली पुढं केली. त्यांनी हात पुढं केला नाही.

"खोड सांगा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते आधी खोड विचारायचे."

मी म्हणालो, "गाडीची काय न्हाई, वहिनी. खोड माझी हाय." आणि तिथंच, उन्हात उभं राहून, सगळं सांगितलं. गॅरेजमधला फोन. तोंड दाखवू नको म्हणालो ते. जीप थांबलेली. तोंड फिरवलं ते. आठ पावलं.

त्यांनी गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "फोनचं मला म्हाईत व्हतं. मी त्या सकाळी म्हणले, भाऊजींना बोलवा, गाडी घेऊन येतील. तर म्हणले, बारी त्याची हाय, मी बरं म्हणलोय. मी लई भांडले. ऐकलं न्हाई." पदरानं तोंड पुसलं. "अन् मंग जीपमधून फोन आल्ता त्यांचा. तुमच्या दारावरून पुढं गेल्यावर."

"काय म्हणला?"

"म्हणले, भास्करचा राग गेला. आपल्यासाठी गाडी घासून घासून धुवून राह्यलाय. उद्या किल्ली मीच जाऊन घेतो त्याच्या हातून."

मग त्यांनी हात पुढं केला. किल्ली घेतली आणि आत गेल्या. मला या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत.

ऐक, अंकुश. तू चुकलास. राग गेला नव्हता. मी रागातच घासत होतो. एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही, आणि चुकीचं समजून, त्या जीपमध्ये, त्या अवस्थेत, तू खूश झालास. माझ्यावर हा असा भरवसा ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं? मी तर तोंड फिरवलं होतं. पाठ दिसली तुला माझी, आणि पाठीतसुद्धा तू चांगलंच बघितलंस. ह्याला काय म्हणावं? तुला शिवी द्यावी तर डोळ्यांना पाणी येतं, आणि रडावं तर शिवी येते तोंडात. सकाळपासून हेच चाललंय. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

वहिनींना गाडी चालवता येत नाही. ती तिथं आठ दिवस उभी राहणार, आणि ह्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरते, हे तुलाही ठाऊक आहे. रोज दहा मिनिटं चालू करावी लागते. पाणी बघावं लागतं. डाव्या मागच्या चाकात हवा मारावी लागते. तर उद्या सकाळी मी येतोय. परवाही येणार. बारी तुझी आहे, तरी गाडीला हात लावणार आहे. काय करतोस ते कर.